तीन इंच खाली बसवलेलं दार

फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी खिडकीला डासांची जाळी बसवण्यासाठी माप घेत होतो. सव्वीस इंच आणि… पुढचा आकडा वाचायच्या आत सुनंदा, माझी बायको, फोन घेऊन आली. कुडाळजवळच्या एका गावातून मेस्त्रींचे शेजारी बोलत होते. "देवरेसाहेब ना? वासुदेव मेस्त्री गेले. सकाळी चाय पिऊन बसलेले, बसल्या जागीच." मी विचारलं, "किती वाजता?" ते म्हणाले, "सव्वासात झाले असतीत." त्या वेळेचं मला काय करायचं होतं, कुणास ठाऊक. आयुष्यभर आकडा हाताशी असल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटली नाही, म्हणून विचारलं असेल. फोन ठेवला आणि पाहिलं तर टेप हातातच होती. ती मेस्त्रींचीच. कुवेत सोडताना त्यांनी मला दिलेली. तिच्यावरची मिलिमीटरची बाजू अजून कोरी करकरीत आहे आणि इंचांची बाजू त्यांच्या अंगठ्याने पुसट झाली आहे. त्या दिवशी जाळी बसली नाही.

कुवेतमध्ये मी बावीस वर्षं एका पेट्रोकेमिकल कारखान्यात नकाशे तपासण्याचं काम केलं. राहायला सालमियात, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या मागच्याच गल्लीत एका खोलीत सहा माणसं राहत, त्यांतले एक मेस्त्री. तिकडे बायको सोबत नसलेल्या माणसाला बॅचलर म्हणतात. मग त्याच्या मुलीचं लग्न झालेलं असलं तरी तो बॅचलरच. मेस्त्री १९८० साली आले आणि शेवटपर्यंत बॅचलरच राहिले. कुटुंब आणायला पगाराची अट होती आणि सुताराचा पगार त्या अटीच्या जवळपासही नव्हता. ओळख झाली ती आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावरून. दार लटकत होतं. मेस्त्री आले, दार काढलं, बिजागरीखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा घातला आणि परत बसवलं. दहा मिनिटांचं काम. मग चहा घेताना सुनंदाला म्हणाले, "वैनी, दारात दोष नाय. भिंतच वाकडी आसा. पण भिंतीक कोण सांगतला?"

१९९७ च्या हिवाळ्यात शुक्रवारच्या जुन्या बाजारात मला एक अमेरिकन मासिक मिळालं. त्यात गाडीमागे ओढायच्या एका छोट्या घराचा नकाशा होता. बाजूने पाहिलं तर पाण्याच्या आडव्या थेंबासारखा आकार, पुढे गोल, मागे निमुळता होत गेलेला. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, उभं राहता येत नाही. मागचं झाकण वर उचललं की त्याखाली ओटा, शेगडी, भांड्यांचे कप्पे. म्हणजे झोपायचं आत आणि रांधायचं बाहेर उभं राहून. तिकडे नोव्हेंबर ते मार्च सगळे वाळवंटात तंबू ठोकतात. मलाही जायचं असे, पण विंचवाच्या भीतीने सुनंदा जमिनीवर झोपायला तयार नव्हती. जमिनीपासून वीस इंच उंच असलेली ही खोली तिला चालणार होती. मी तो नकाशा मेस्त्रींना दाखवला. त्यांनी पान फिरवून उलटं धरलं, पुन्हा सुलटं केलं आणि म्हणाले, "साहेब, ह्या माका जमतला. ही आमची होडीच आसा, उपडी घातलेली."

जागा मिळाली रुमैथियात, अबू नासर या कुवेती गृहस्थांच्या अंगणात. त्यांच्या दिवानियाची, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीची, दारं मेस्त्रींनी केली होती. अबू नासरनी पत्र्याच्या शेडखालचा कोपरा दिला आणि होडी ओढायची एक जुनी दोन चाकांची चौकटही दिली. पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "हादा शिनू? बैत? सय्यारा?" हे काय, घर की गाडी? मेस्त्री म्हणाले, "हाफ बैत, हाफ सय्यारा." अबू नासर इतके हसले की आतून माणसं बाहेर आली. पुढे दोन वर्षं ते आम्हाला भेटले की आधी तेच विचारत, "बैत जास्त झालं की सय्यारा?"

आमची सुट्टी फक्त शुक्रवारी. सकाळी सहाला सुरुवात करायची आणि दुपारच्या नमाजाआधी हत्यारं आवरायची. मी आठ फूट बाय पाच फुटांचा नकाशा काढला होता, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. पहिल्याच शुक्रवारी मेस्त्रींनी तो माझ्या हातात परत दिला. "तुमचो मिलिमीटर माका दिसणा नाय. सूत सांगा." इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मी म्हटलं, "एक सूत म्हणजे तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश मिलिमीटर. तुमच्या सुतात माझा नकाशा बसणार नाही." "बसात हो," ते म्हणाले, "लाकूड नकाशा वाचणा नाय." शेवटी मी दोन्ही मापांचा तक्ता करून शेडच्या खांबाला चिकटवला. तो त्यांनी कधी पाहिला नाही. मी मिलिमीटर सांगे, ते क्षणभर डोळे मिटून सुतात घेत आणि कापत. मी मोजायला जाई आणि ते बरोबर निघे. तरीही मी एक वही ठेवली होती. तिच्यात 'नकाशापेक्षा फरक' असा एक रकाना होता.

सगळ्यांत अवघड होतं ते छत. चार मिलिमीटरचा प्लाय त्या गोलाईवर वाकवायचा होता. मेस्त्रींच्या गावी होडीच्या फळ्या ओल्या करून वाकवतात. त्यांनी प्लायवर ओली गोणपाटं टाकली, तासभर ठेवली आणि हळूहळू दाबायला लागले. तडकन आवाज झाला. प्लाय मधोमध फुटला. दुसऱ्या शुक्रवारी दुसरा फुटला. मी गोणपाट वाळायला लागणारा वेळ मोजला, अठरा मिनिटं. कुवेतच्या हवेत पाणी लाकडात मुरायच्या आधीच उडून जात होतं. मी आणखी पाणी मारण्याचं एक वेळापत्रक करून दिलं. मेस्त्रींनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आता थांबाया." किती, तर ते सांगेनात. सहा महिने थांबलो. ऑगस्टच्या शेवटी तिकडे एक दमट वारा सुटतो. कौस म्हणतात त्याला. चष्म्यावर वाफ धरते, शर्ट अंगाला चिकटतो, सगळं गाव वैतागलेलं असतं. अशा एका शुक्रवारी साडेपाचलाच मेस्त्री दारात उभे. कपाळावरून घाम वाहतोय आणि चेहरा मात्र सणाचा. "साहेब, उठा. आज आमच्या गावची हवा सुटली हा. आज प्लाय वाकतलो. वैनी, जेवाक उशीर जातलो." त्या दिवशी ते पाण्याखाली हात फिरवावा तसे प्लायवरून हात फिरवत होते आणि तो निमूटपणे वाकत गेला. कुठेही चर्र झालं नाही… एकंदर तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या कामाकडे मी इतका वेळ नुसता बघत उभा राहिलो नसेन.

वहीतल्या त्या रकान्यात सात नोंदी झाल्या. त्यांतली मोठी अशी की मेस्त्रींनी सांध्यांना सरस लावलाच नव्हता, नुसते स्क्रू. नकाशात मी स्पष्ट लिहिलं होतं: सरस आणि स्क्रू. विचारलं तर म्हणाले, "परदेशात केलेली वस्तू सुटी होवक व्हयी, साहेब. आपण काय हय ऱ्हवाक इलंव?" मी नाराजीनेच वहीत लिहिलं. सातवी नोंद दाराची. दोन्ही बाजूंना एकेक दार होतं. उजवं नकाशाप्रमाणे, जमिनीपासून चोवीस इंचांवर. डाव्याचा उंबरा मोजला तर एकवीस. एक सूत न चुकणारा माणूस तीन इंच चुकला कसा? मी म्हटलं, "मेस्त्री, हे दार खाली गेलंय." ते रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "ऱ्हवांदे, साहेब. ता तसाच ऱ्हवांदे." मी वहीत लिहिलं: डावं दार तीन इंच खाली. चूक.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी काम सुरू करण्याआधी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत पासपोर्टच्या आकाराचा फोटो. "ही आमची मंडळी. सुलोचना. हिचो गुडघो दुखता, उंच चढाक जमणा नाय. म्हणान दार खाली घेतलंय." मला अजून काही कळलं नव्हतं. मग ते एका दमात बोलले. पाठ करून आले असावेत. "साहेब, तुमची भैन म्हणान तुमी तिका भेटीच्या व्हिश्यार बोलवल्यात तर… म्हयन्याचोच. थंडयेत. ऱ्हवाची सोय झाली हा. ह्याच खोलयेत ऱ्हवतली ती. अबू नासरांका इचारलंय, अंगणात उभी ठेवूक ते हो म्हणाले. तुमका कसलोच त्रास नाय."

मी म्हटलं, "मेस्त्री, फॉर्मवर नातं लिहून खाली सही करावी लागते. ती माझी बहीण नाही. मी खोटं लिहिणार नाही."

"बराबर आसा," ते म्हणाले. फोटो पिशवीत घातला, पिशवीला दोनदा घडी घातली, खिशात ठेवली. "मग वरचो पत्रो बसवया?"

आणि आम्ही पत्रा बसवला. घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं. ती कणीक मळत होती, ती थांबली. "तुम्ही त्यांना नाही म्हणालात?" मी नियम सांगितला. "नियम बरोबर आहे हो," ती म्हणाली. "पण ते तीन इंच?" त्या संध्याकाळी मी एक हिशेब केला. अठरा वर्षांत मेस्त्री आठ वेळा रजेवर गेले होते, दर वेळी पंचेचाळीस दिवस. म्हणजे तीनशे साठ दिवस, वर्षालाही पाच कमी. त्यात १९९० च्या युद्धामुळे सगळ्यांना परत जावं लागलं तेव्हाचे दहा महिने. एवढाच त्यांचा संसार. हिशेब दोनदा तपासला, बरोबर होता. पुढच्या शुक्रवारी मेस्त्री येतील की नाही अशी मला धाकधूक होती. ते सहाला पाच मिनिटं कमी असताना आले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही… काढायला हवा होता. मी चूक केली असं मला आजही म्हणता येत नाही. पण नियमात बसणारी दुसरी एखादी वाट असती का, हे मी कुणाला विचारायलाही गेलो नाही, आणि ते मात्र मी करू शकलो असतो.

खोली १९९९ च्या जानेवारीत पुरी झाली. आम्ही पहिल्यांदा वाळवंटात गेलो तेव्हा मेस्त्री बरोबर होते. मागचं झाकण उचलून त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं. समुद्र दूर, चहूकडे वाळू आणि तिरफळांचा वास. सुनंदा म्हणाली, "मेस्त्री, इथे मांजर असतं तर बिचारं वेडं झालं असतं." जेवण झाल्यावर मी त्यांना आग्रहाने आत झोपायला पाठवलं, दुपारची वेळ होती. अर्ध्या तासाने पाणी द्यायला गेलो. आत रुंदी अठ्ठावन्न इंच. मेस्त्री उजव्या कडेला, भिंतीला टेकून, अंग चोरून गाढ झोपलेले. वीसएक इंच जागा त्यांनी घेतली असेल. डावीकडची उशी जशीच्या तशी होती, तिच्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. सहाजणांच्या खोलीत राहून अशी सवय लागते, असं मी स्वतःला सांगितलं आणि पाणी तिथेच ठेवून बाहेर आलो.

२००४ साली मी आणि मेस्त्री, दोघांनीही कुवेत सोडलं. मी त्यांना म्हटलं, "माझ्या फ्लॅटला एकच गाडी उभी राहील एवढी जागा. ही खोली तुम्ही गावी न्या, माझ्या कंटेनरमध्ये जागा आहे." कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. ते त्यांनाही कळलं असेल. ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. सरस लावलेला नव्हता म्हणून दोन शुक्रवारांत ती सुटी झाली. एकतीस भाग, दोनशे चौदा स्क्रू. चाकांची चौकट अबू नासरना परत केली. ते म्हणाले, "सय्यारा मला, बैत तुम्हाला."

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही मेस्त्रींच्या गावी गेलो, तोवर खोली अंगणात उभी झाली होती. खाली चाकांच्या जागी चिऱ्यांचा चौथरा, वर पत्र्याची छपरी. सुलोचनावैनींना मी प्रथमच पाहत होतो. फोटोवरून वाटलं होतं त्यापेक्षा बुटक्या आणि बोलायला मेस्त्रींच्या दुप्पट. "आमी इचारला, ह्या काय हाडलास, कोंबड्यांचो खुराडो?" त्या सुनंदाला सांगत होत्या. "तर म्हणतत कसे, कोंबड्यांक कुवेतचा दार कोण बसयता?" घर सोडून तिथे झोपायला त्यांनी आठवडाभर नकार दिला, मग गेल्या, आणि मग घरात झोपेनात. सकाळचा चहा मेस्त्री करत, मागच्या ओट्यावर, चोवीस वर्षांच्या बॅचलरच्या सवयीने सगळ्यांच्या आधी उठून. त्या कामाला ते वैनींना हात लावू देत नसत. युद्धाचा विषय निघाला तेव्हा वैनी म्हणाल्या, "सगळे म्हणत, युद्ध वायट. माका मात्र दहा म्हयने घोव मिळालो." मेस्त्री नुसते हसले. नंतरच्या तीन रजा आणि ते दहा महिने धरून चोवीस वर्षांत मिळालेले दिवस सातशे पंचाण्णव, म्हणजे दोन वर्षं आणि पासष्ट दिवस. गावी परतल्यावर मात्र सलग चार वर्षं. मला ती पुरेशी वाटत नाहीत, पण मला कुणी विचारलेलं नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी एकटाच गावी गेलो. हवेत ओल होती, अंगणात शेवाळ. वैनी खोलीतून उतरत होत्या आणि त्या उजव्या दाराने उतरत होत्या. एक हात चौकटीला, एक गुडघ्यावर, पाय जमिनीला पोचेना. मी धावत जाऊन हात दिला. "डावं दार का नाही वापरत?" "फुगला हा. पावसात दर वर्सा फुगता. ते सूतभर काढत. औंदा ऱ्हवला."

आम्ही चौथऱ्याच्या कडेला बसलो. मग त्यांनी विचारलं, "साहेब, माका थय हाडूक म्हणान त्यांनी तुमका कधी इचारलेला?"

मी म्हटलं, "हो. बहीण म्हणून फॉर्म भरा म्हणाले होते. मी नाही म्हटलं."

"ठावक आसा माका."

"मग विचारलंत कशाला?"

"तुमी खरा सांगतास काय, ता बगलंय." त्यांनी पदराने चौथऱ्यावरची ओल पुसली. "तेवाच चिठी इल्ली त्यांची. लिवलेल्यानी, साहेब कागदार खोटा लिवणत नाय, म्हणान तेंच्या मापार मी डोळे मिटून लाकूड कापतंय. माका राग इल्लो तुमचो. मोप राग इल्लो. दोन वर्सा होतो."

"आणि आता?"

"आता ता दार बगा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन मेस्त्रींचा रंधा घेऊन आल्या.

मी उभ्या जन्मात रंधा धरला नव्हता. नकाशे तपासले, फरक लिहून ठेवले, पण लाकडाला हात लावायचं काम नेहमी दुसऱ्याचं. खालून ढकलून, वरून ओढून आम्ही दोघांनी दार उघडलं आणि बिजागऱ्या सोडवून ते चौथऱ्यावर आडवं केलं. रंधा पहिल्यांदा अडला, दुसऱ्यांदा नुसता घसरला. "दाबू नकात," वैनी म्हणाल्या, "तेका चलांदे." हळूहळू कागदासारखी पातळ साल निघायला लागली. कुवेतमध्ये वास कोरडा यायचा, इथे ओल्या लाकडाचा येत होता. मी टेप काढून मोजत होतो, त्या बोटाने चाचपत होत्या. शेवटी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पुरे. सूत झाला. ज्यास्त काढल्यात तर थंडयेत फट पडतली." मी मोजलं. तीन मिलिमीटर आणि वर काही.

दार परत बसवलं. वैनींनी ते एकदा लावलं, एकदा उघडलं, पुन्हा लावलं. मग मागे वळून उंबऱ्यावर बसल्या. दोन्ही पाय पुरते जमिनीला टेकले. तशाच मागे सरकून त्या आत गेल्या आणि पाय वर घेतले. गुडघ्याला हात लावावा लागला नाही. मी बाहेरून वाकून पाहिलं. त्यांची उशी डावीकडे होती. उजव्या भिंतीलगत मेस्त्रींचं पांघरूण घडी करून ठेवलेलं, आणि तेवढी जागा सोडून, अंग चोरून, त्या आडव्या झाल्या होत्या.

"साहेब," आतून त्या म्हणाल्या, "चायचा सामान मागच्या फळयेर आसा. झाकान वर केल्यात काय, तेका काठी लावा. नायतर डोक्यार येता."